नोंद आढळली नाही

"मला इथं नाहीत म्हणाले. मी नाव सांगितलं, वय सांगितलं, तरी इथं नाहीतच म्हणाले," लिफ्टमध्ये शेजारी उभी असलेली एक बाई बरोबरच्या म्हाताऱ्या आत्याला सांगत होती. आवाज चढवून सांगत असती तर त्यानं ते अंगाला लावून घेतलंही नसतं, कारण हॉस्पिटलमध्ये रोज कुणी ना कुणी कुणावर तरी आवाज चढवतंच. पण ही बाई छत्री कुठं विसरले ते सांगावं इतक्या साध्या सुरात सांगत होती. "मग मी नदीपलीकडच्या हॉस्पिटलात गेले. तिथून आणखी एकात. परत आले तर बाबा इथंच, वरच्या वॉर्डात झोपलेले. तोवर बोलणं गेलेलं. सकाळभर बोलत होते म्हणे." आत्या नुसतीच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लिफ्टचं दार उघडलं तसा तो बाहेर पडला आणि दार बंद झाल्यावर कळलं की हा आपला मजला नव्हे, मुलांचा वॉर्ड आहे. समोरच्या भिंतीवर रंगवलेली बदकं एकामागून एक निघाली होती. आपण इथं कशाला उतरलो याचं उत्तर त्या बदकांपाशी असल्यासारखा तो त्यांच्याकडे बघत राहिला. इथं नाहीत. हे शब्द चौकशीच्या खिडकीतल्या बाईंचे, पण त्यांच्याआधी ते स्क्रीनवर उमटतात, 'नोंद आढळली नाही' असे, आणि स्क्रीनवरचं ते वाक्य त्यानं स्वतः लिहिलेलं होतं. लिहिताना 'सापडली नाही' की 'आढळली नाही' यावर बराच वेळ घालवला होता. आढळली जरा सभ्य वाटलं.

सगळं हॉस्पिटल त्याला सर्व्हरवाले म्हणायचं. खरं नाव पगाराच्या दिवशी आणि घरीच कामाला यायचं. तळमजल्याच्या मागच्या टोकाला, कायम थंडगार असलेल्या एका खोलीत पेशंटांच्या सगळ्या नोंदी सांभाळणारं मशीन होतं, आणि ते मशीन नीट चालतं ठेवणं एवढंच त्याचं काम. पूर्वी ते चालत नव्हतं, रखडत होतं. जुन्या फिरत्या डिस्का, मेमरी तुटपुंजी, आणि वर सगळे शोध घेणारा प्रोग्रॅम कुणा महाभागानं असा लिहिलेला की एक नाव शोधायचं तर पहिल्यापासूनचे सगळे पेशंट चाळायचे, बरे होऊन घरी गेलेले आणि वर गेलेलेसुद्धा. चौकशीच्या खिडकीसमोर रांग लागायची आणि स्क्रीनवर ते गोल चाक नुसतं फिरत राहायचं. बाई त्याला भिंगरी म्हणायच्या. "तुमची भिंगरी लागली बघा," असं त्या खिडकीतूनच ओरडून सांगायच्या, आणि ओरडता ओरडता डाव्या हाताने फोन उचलून वॉर्डात विचारायच्या, "अगं, अमुक नावाचे कुणी आलेत का गं तुमच्याकडे?" रांगेतली माणसं कुरकुरायची. कुणी तरी मोठ्या साहेबांकडे तक्रार करायचं, साहेब त्याला बोलवायचे आणि घोडं कुठं पेंड खातंय ते विचारायचे. त्याने सांगितलं होतं, मशीन बदला, वेगवान डिस्का द्या, मेमरी वाढवा. साहेब म्हणाले होते, "ते येईल तेव्हा येईल हो. तोवर तुमच्या हातात काही नाही का?"

होतं. बरंच होतं, आणि त्यातलं बहुतेक त्यानं अगदी इमानेइतबारे केलं. नावांची सूची बांधली, म्हणजे मशीनला आता सगळं चाळायला नको, सरळ त्या नावाशी जाता येईल. सध्या भरती असलेले पेशंट वेगळे काढले. एका वेळी चाळीस गोष्टी मागणारा शोध छाटून चार गोष्टींवर आणला. त्या दिवसांत तो घरी जेवतानासुद्धा मनातल्या मनात शोधाची वाक्यं जुळवत असायचा आणि बायको म्हणायची, "अहो, भात घेताय की सोडताय?" वेग वाढला. पण एक मेख उरलीच. पेशंटला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर हलवायचं असलं की मशीन त्याची नोंद जुन्या खाटेवरून काढतं आणि नव्या खाटेवर घालतं, आणि ते पुरं होईपर्यंत त्या नोंदीला कुलूप घालून ठेवतं. खाली तातडीच्या विभागातली नर्स 'पाठवला' म्हणते आणि वरची नर्स खाट निवडून 'आला' म्हणते, यात कधीकधी बराच वेळ जातो, कारण वरच्या नर्सला दहा कामं असतात. तोवर कुणी ते नाव विचारलं तर चाक फिरत राहणार. त्याच्यामागे बाकीचे शोधही तुंबणार. यावर एक तोडगा होता, या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेला आणि प्रत्येकानं कधी ना कधी वापरलेला. शोधाच्या वाक्यात दोन शब्द घालायचे, की कुलूप असो नसो, थांबू नकोस, आत्ता जे दिसतंय ते वाच आणि सांग. जे दिसतंय ते अर्धवट असू शकतं, हे पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. जुन्या खाटेवरून निघालेला आणि नव्या खाटेवर न पोचलेला माणूस त्या वाचनाला कुठंच दिसत नाही. तो तेव्हा स्वतःशी म्हणाला होता, तात्पुरतं आहे, नवं मशीन आलं की काढून टाकू.

आणि नवं मशीन आलं. खरा सल होता तो इथं, त्या बदकांसमोर उभं राहिल्यावर त्याला तो नीट सापडला. मशीन आलं, डिस्का आल्या, मेमरी आली, आणि त्या दिवशी बाईंनी नाव टाकून बटण दाबलं तर बोट उचलायच्या आत उत्तर हजर. बाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. "अहो सर्व्हरवाले, ही काय जादू केलीत?" साहेब स्वतः खिडकीपाशी येऊन बघून गेले आणि सगळ्यांच्या बैठकीत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की याला म्हणतात काम. ते दोन शब्द काढायचे राहिले असं तो आजवर स्वतःला सांगत आला होता. राहिले नव्हते. त्याने एकदा ते काढून बघितले होते. क्वचित, अगदी क्वचित, चाक पुन्हा फिरलं होतं, आणि त्याला बाईंचं ते भिंगरी लागली ऐकू आल्यासारखं झालं होतं, पाठीवरची थाप कुणी तरी परत मागतंय असं वाटलं होतं. त्याने शब्द परत घातले. शेकडो उत्तरांत एखादं चुकेल, आणि चुकलं तरी माणूस पुन्हा विचारेलच की. विचारणाऱ्या माणसाला नाही असं खणखणीत आणि ताबडतोब सांगितलं की तो पुन्हा विचारत नाही, निघून जातो, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि त्याने ते आत घेतलं नव्हतं.

तो जिन्याने खाली आला. चौकशीची खिडकी लिफ्टच्या अगदी समोर, मध्ये जेमतेम एक स्ट्रेचर वळेल एवढी जागा. बाई एका माणसासाठी नाव शोधत होत्या आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, स्क्रीनवर बोट ठेवून टाकत होत्या. इतकी वर्षं त्यांना असं करताना त्याने पाहिलं नव्हतं. बोलता बोलता, दुसऱ्याशी भांडता भांडता त्या नावं टाकायच्या. तो माणूस गेल्यावर त्यांनी त्याला खुर्ची सरकवली. "ऐकलंत ना माझे प्रताप?"

"काय झालं नेमकं?"

"काय होणार. बाई आली, नाव सांगितलं, मी टाकलं. नाही आलं. पुन्हा टाकलं. नाही. मी म्हटलं, ताई, इथं नाहीत, दुसरीकडे बघा. एवढंच." त्यांनी टेबलावरची टाचण्यांची डबी उगीच सरळ केली. "आता मोठे साहेब म्हणतात नाव चुकीचं टाकलंत. मलाही आता खात्री वाटेना. दोन्ही वेळा तेच चुकलं असेल. वय झालं हो, चष्म्याचा नंबर वाढलाय, मुलगा सांगत होता तपासून घे, मीच ढकलत होते."

"तुमचं चुकलं नसेल," तो म्हणाला.

"मग काय मशीनचं चुकलं?" बाई हसल्या. "तुमच्या मशीनवर नका घालू बाई माझं पाप. ते बिचारं विचारायच्या आत उत्तर देतं. पूर्वीचं असतं, भिंगरी लागली असती, तर मी आपला फोन उचलला असता. आता फोन करायची सवयच मोडली. उद्या दुपारी साहेबांच्या खोलीत त्या ताईंची माफी मागायची आहे. मग खाली तळघरात बसायचं, जुन्या फायलींपाशी. तिथं कुणी नाव विचारायला येत नाही, ते एक बरं."

त्याच वेळी त्याने सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण खिडकीशी दुसरं कुणी तरी आलं आणि बाई अक्षरं लावायला लागल्या, आणि तो सुटल्यासारखा उठला. त्या उठण्याची त्याला चालताना लाज वाटत होती, तरी पाय भराभर पडत होते. थंड खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं आणि पहिली गोष्ट केली ती ही की ते दोन शब्द शोधाच्या वाक्यातून काढून टाकले. काढल्यावर क्षणभर इतकं मोकळं वाटलं की त्याने खुर्चीला पाठ टेकली. झालं. आता पुन्हा कुणालाही असं उत्तर मिळणार नाही. आणि मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली, की आता कुणी येऊन तपासलं तर सगळं चोख सापडेल. मशीन बरोबर, शोध बरोबर, म्हणजे चुकलं कोण, तर बाई. त्याने दुरुस्ती केली होती आणि त्याच हाताने बाईंची सुटायची वाटही बुजवली होती. तो चोर नव्हता, पण चोर ज्या सफाईने काम करतो ती सफाई आपल्या बोटांत किती सहज आली, हे बघून त्याला स्वतःची किळस आली. पंखे घोंघावत होते. मशीनचे हिरवे दिवे लुकलुकत होते, अगदी निरोगी.

घरी आला तेव्हा वडील नेहमीप्रमाणे खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. गेल्या वर्षी त्यांना झटका येऊन गेला. हातपाय सावरले, पण बोलणं फार मंद झालं. एक शब्द बाहेर यायला ओठ आधी जुळवाजुळव करायचे, मग मान थोडी पुढे यायची, मग कुठं आवाज. सुरुवातीला तो समोर बसून राहायचा. पुढेपुढे त्याला ते बघवेना, आणि बघवेना हे खरं असलं तरी पुरतं खरं नव्हतं, त्याला तेवढा धीरही राहीना. मग त्याने त्यांचं वाक्य पुरं करायची युक्ती काढली. मला, एवढं ते म्हणाले की हा विचारायचा, पाणी? ते मान हलवायचे. खिडकी लावू? मान. त्याला वाटायचं आपल्याला त्यांचं सगळं कळतं. बायकोला एकदा तो अभिमानाने म्हणालाही होता की मी बाबांचं मनातलं ओळखतो, आणि ती तशीच वळून स्वयंपाकघरात निघून गेली होती. आज तिच्याकडे बघताना ते तिचं निघून जाणं त्याला आठवलं.

"मला," वडील म्हणाले.

पाणी हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. पेलाही शेजारी भरून ठेवलेला होता, रोजच्यासारखा. त्याने तो शब्द गिळला आणि स्टूल ओढून समोर बसला. वडिलांनी सवयीने मान हलवली, म्हणजे न विचारलेल्या पाण्याला हो म्हणून टाकलं, आणि मग काहीच होत नाही असं बघून ते थांबले. त्यांनी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. ओठ पुन्हा जुळायला लागले. बायको दारात येऊन उभी राहिली होती. बाहेर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, तिची टुणटुण थांबली, पुन्हा सुरू झाली. आपण हात घट्ट आवळून बसलोय हे त्याला बोटं दुखायला लागल्यावर कळलं. माणसासमोर नुसतं बसणं इतकं कठीण असतं, आणि आपण मशीनला थांबू दिलं नाही, एका म्हाताऱ्या माणसाला त्याचा वेळही घेऊ दिला नाही.

"मला," वडील म्हणाले, आणि मान पुढे आली, "पाणी. नको."

बायको दारातच हसली आणि मग तोंडावर पदर घेऊन आत गेली, आणि ती हसत होती की रडत होती ते त्याला कळलं नाही. वडील मात्र नक्की हसत होते. ओठांचा एकच कोपरा हलत होता, पण हसत होते. म्हणजे इतके दिवस न लागलेल्या तहानेचं पाणी ते मुकाट पीत होते. मुलगा घाईत आहे, त्याला बरं वाटतं, तर पिऊन टाकावं. त्याने पेला उचलून बाजूला ठेवला. "मग काय हवंय, बाबा?" त्याने विचारलं आणि वाट बघितली, पण एवढं बोलून ते दमले होते. त्यांनी हात हलवून नंतर असं सांगितलं. तो तिथंच बसून राहिला. रात्री जेवताना बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी गेली तर?" तो म्हणाला, "जाईल कदाचित." ती बराच वेळ ताटात बोटाने रेघा ओढत होती. "त्या बाईंवर आळ येण्यापेक्षा," एवढं म्हणून तिने वाक्य अर्धंच सोडलं, आणि त्याने ते पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या खोलीत तो न बोलावता गेला. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे काल लिफ्टमध्ये भेटलेली ती बाई, त्या पेशंटची मुलगी, आत्या आज नव्हती, आणि एका बाजूला चौकशीच्या बाई, धुतलेली साडी नेसून, हातात रुमाल. साहेबांनी भुवया उंचावल्या. बाईंनी मनात जुळवून आणलेलं बोलायला सुरुवात केली होती, "ताई, माझ्या हातून," आणि तो मध्येच म्हणाला, "त्यांच्या हातून नाही. माझ्या." मग त्याने सांगितलं. आडपडदा न ठेवता, धंद्यातले जड शब्द टाळून सांगितलं. की तुमच्या बाबांना खालून वर हलवत होते. त्या वेळी मशीनने थांबायला हवं होतं. मी त्याला थांबू नकोस असं शिकवलं होतं. बाईंनी नाव बरोबर टाकलं होतं, दोन्ही वेळा. नवं मशीन आल्यावर हे मी काढायला हवं होतं, आणि विसरलो नाही, काढलं नाही. वेग कमी झाला तर लोक मला काय म्हणतील म्हणून. काल दुपारी गुपचूप काढलं आणि गप्प बसलो.

साहेबांचा चेहरा काळवंडला. "हे तुम्ही आधी माझ्याशी बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "आता इथं, बाहेरच्या माणसांसमोर," आणि पुढचं त्यांनी नजरेनेच सांगितलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत सुटका नव्हती. दोन्ही वेळा बरोबर टाकलं होतं हे त्यांच्या चष्म्याआड हळूहळू पोचत होतं, आणि त्याच्याबरोबर हेही, की कालपासून हा माणूस हे जाणून होता.

"म्हणजे मी विचारत होते तेव्हा," मुलगी म्हणाली, "तेव्हा ते कुठं होते?"

"वर नेत होते त्यांना. खालच्या विभागातून लिफ्टकडे, किंवा लिफ्टमध्ये. किंवा वर पोचून खाटेची वाट बघत."

"मी लिफ्टपाशीच होते. खिडकी तिथंच आहे ना." तिचा आवाज अजून तसाच साधा होता. "माझ्या मागून एक स्ट्रेचर गेला. ढकलणारा म्हणाला, ताई, जरा सरका. मी सरकले. वळून बघितलं नाही, कारण तेवढ्यात बाई सांगत होत्या की इथं नाहीत."

तो स्ट्रेचर तिच्या बाबांचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे जगातलं कुठलंही मशीन आता सांगू शकणार नव्हतं. तिचे ओठ हलले, काही तरी जुळत होतं, आणि साहेबांना तेवढं थांबणं सोसेना. त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. "घ्या, पाणी घ्या जरा," ते म्हणाले, "आपण काही तरी मार्ग..."

"साहेब, थांबा," तो म्हणाला. "त्यांना बोलू द्या."

तिने पेला बाजूला सरकवला. मग म्हणाली, "ते सकाळभर बोलत होते ना. काय बोलत होते?"

त्याच्या मशीनमध्ये तिच्या बाबांचा ताप होता, रक्तदाब होता, औषधं होती, खाटेचा नंबर होता, आणि हे सगळं बोट उचलायच्या आत काढून देता आलं असतं. ते काय बोलत होते हे कुठंच नव्हतं. तेव्हा चौकशीच्या बाई उठल्या. साहेबांना न विचारता त्यांनी त्यांच्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला, डाव्या हाताने रिसीव्हर उचलला आणि वॉर्डाचा नंबर फिरवला.

"अगं, परवा सकाळी खाली तातडीच्या विभागात ड्यूटीला कोण होतं? नाही, नाही, तिलाच बोलाव. झोपली असेल तर उठव." मग रिसीव्हर कानाशी तसाच धरून त्या मुलीकडे वळल्या. "वेळ लागेल हं, ताई."

"मी थांबते," ती म्हणाली.

तोही दाराशी उभा राहिला.